‘नक्की ना?’ विचारणाऱ्या चौकटी

गेली बरीच वर्षं माझं पोट बटणांवर चालतं. पडद्यावरच्या बटणांवर. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत आम्ही जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहितो आणि आमची गिऱ्हाइकं म्हणजे इथल्या ‘वोनिंगकॉर्पोरात्सी’. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीशी त्यांचं काही नातं नाही, लागलंच तर म्हाडाशी थोडंफार लागेल. १९०१च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधारानं वाढलेल्या, नफा न कमावणाऱ्या या संस्थांकडे देशातली वीस लाखांहून जास्त घरं आहेत. बेताच्या मिळकतीच्या लोकांना ती भाड्यानं मिळतात. मिळतात म्हणजे रांगेत थांबून. अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरात ही रांग दहा वर्षांहून लांब असते.

त्यामुळे भाडेकरूंच्या पोर्टलवर ‘भाडेकरार संपवा’ असं जे बटण आहे ते दिसतं तेवढं साधं नाही. दहा वर्षं थांबून मिळालेलं घर तिथून सुटू शकतं. ते दाबणं आणि घर प्रत्यक्ष सुटणं यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे माझी नोकरी आहे.

टीममध्ये नवा माणूस आला की पहिल्या काही आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो. आम्ही विकेट नावाचं फ्रेमवर्क वापरतो. त्यात लिंक किंवा बटण म्हणजे जावाचा एक ऑब्जेक्ट, आणि दाबल्यावर काय व्हायचं ते त्याच्या ‘ऑनक्लिक’ या मेथडमध्ये लिहायचं. लिहायला इतकं सोपं की बटण आपल्याच मशीनवर असल्यासारखं वाटतं. मग नवा माणूस म्हणतो, ‘ऑनक्लिकच्या पहिल्याच ओळीत “नक्की ना?” असं विचारू ना. हो आलं तर पुढे जाऊ, नाही आलं तर तिथूनच परत.’ विशेषतः ज्यानं आधी स्विंगमध्ये डेस्कटॉपची कामं केलेली असतात त्याला हे अगदी स्वाभाविक वाटतं. तिथे चौकट उघडणारी ओळ आली की प्रोग्रॅम त्या ओळीवर थबकतो, माणूस चहा पिऊन आला तरी थबकलेला राहतो, आणि उत्तर आलं की पुढची ओळ चालते.

वेबवर हे जमत नाही, आणि का जमत नाही हे समजावताना मला अजूनही फळ्याजवळ जावं लागतं. ऑनक्लिक चालायला लागतं तेव्हा क्लिक होऊन गेलेला असतो. तो झ्वोलेच्या कुणा बाईंच्या ब्राउझरमधून निघून डेटा सेंटरमधल्या सर्व्हरपर्यंत पोचलेला असतो आणि तिकडे ब्राउझर उत्तराची वाट बघत बसलेला असतो. सर्व्हरला त्यांच्या पडद्यावर काही दाखवायचं असेल तर हातातलं काम संपवून प्रतिसाद पाठवावाच लागतो. म्हणजे प्रश्न विचारायचा तर आधी उत्तर देऊन मोकळं व्हायचं! मग बाई चौकट वाचणार, ‘हो’ म्हणणार, आणि तो दुसरा, वेगळा क्लिक म्हणून पुन्हा सर्व्हरवर येणार.

या दोन क्लिकांमध्ये काळ जातो. कधी दोन सेकंद, कधी जेवणाची सुट्टी. डच माणूस साडेबाराला पाव-चीज खायला उठतो तो अर्धवट उघडी चौकट तशीच ठेवून. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं तीच नोंद बदललेली असू शकते. ‘या पत्त्यावरच्या तीन तक्रारी बंद करायच्या?’ असं विचारलं तेव्हा तीन होत्या, ‘हो’ आलं तेव्हा चौथी नोंदवली गेली होती, गळक्या छताची. मग ते ‘हो’ तीन तक्रारींसाठी की चार? म्हणून चौकटीबरोबर आम्ही नोंदीचा आवृत्ती क्रमांकही पाठवतो. उत्तर परत येताना तो जुळला नाही तर काम करायचं नाही, बदललेली माहिती दाखवून पुन्हा विचारायचं. डेटाबेसच्या दुनियेत ही जुनी युक्ती आहे. चौकट लिहिताना मात्र ती कुणाला आठवत नाही, कारण चौकट म्हणजे फक्त सजावट असा समज आहे.

पुण्यात हिंजवडीला असताना मी स्ट्रट्स या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कवर काम करायचे, एका विमा कंपनीच्या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर. तिथे वेगळंच दुखणं होतं. विंडोजवर आयकॉन दोनदा टिचकावून उघडायची सवय झालेले लोक वेबपेजवरचं बटणही दोनदा टिचकवायचे आणि एका हप्त्याच्या दोन पावत्या निघायच्या. त्यावर स्ट्रट्समध्ये टोकनचा उपाय होता. पान देताना सर्व्हर एकदाच चालणारा एक क्रमांक त्यात लपवून ठेवतो आणि पहिल्या क्लिकबरोबर तो खर्ची पडतो. दुसरा क्लिक तोच क्रमांक घेऊन आला की त्याला दारातूनच परत पाठवायचं. माणसाला काहीही न विचारता त्याची चूक पोटात घालणारा तो उपाय मला तेव्हाही आवडायचा.

विकेट मात्र इकडे आल्यावरच नीट शिकले. २००४मध्ये जॉनथन लॉक या अमेरिकन प्रोग्रॅमरनं ते सुरू केलं, पण ते वाढवलं त्यात डच मंडळींचा हात मोठा आहे. मार्टाइन डॅशॉर्स्ट, एल्को हिलेनियस, योहान कॉम्पाग्नर ही नावं त्याच्या जुन्या कोडमध्ये जागोजाग दिसतात. २००७मध्ये ते अपाचे फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झालं, आणि पुढच्या वर्षी डॅशॉर्स्ट-हिलेनियस जोडीचं ‘विकेट इन अ‍ॅक्शन’ आलं. आमच्या कार्यालयातल्या प्रतीची पानं सुटली आहेत. जगात इतरत्र विकेटची हवा कमी झाली तरी इथल्या कार्यालयांतून ते अजून टिकून आहे. डच लोक चालू असलेली सायकल टाकून देत नाहीत.

तर चौकटीची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे ब्राउझरची स्वतःची ‘कन्फर्म’. जावास्क्रिप्टच्या अगदी पहिल्या दिवसांपासून, नेटस्केपच्या काळापासून ती आहे. लिंकच्या ऑनक्लिक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एक ओळ टाकायची, ‘ओके’ आलं तर क्लिक पुढे जातो, नाहीतर तिथेच मरतो. आमच्या जुन्या कोडमध्ये अशा शेकडो ओळी होत्या. बहुतेक चालतही होत्या.

बहुतेक म्हणायचं कारण ’त हार्ट. हे इथलं अगदी सर्रास आढळणारं आडनाव आहे आणि ते वरच्या स्वल्पविरामानं, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफीनं सुरू होतं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१मध्ये ज्यांना मिळालं त्या फान ’त हॉफ यांच्या नावात तो मध्ये येतो. ’स-हेर्टोखनबॉस नावाचं आख्खं शहर त्यानं सुरू होतं. फोटोचं अनेकवचनसुद्धा डच लोक अ‍ॅपॉस्ट्रॉफी घालून लिहितात. आणि आमच्या चौकटीतलं वाक्य जावास्क्रिप्टमध्ये एकेरी अवतरणांत लिहिलेलं होतं. वाक्यात नाव आलं ‘यान्सेन’ तर सगळं ठीक. नाव आलं ‘’त हार्ट’ तर त्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीशी वाक्य संपलं असं ब्राउझर समजणार, पुढचं त्याच्या लेखी निरर्थक, आणि ती ओळच तो बाद करणार.

आता गंमत अशी की ओळ बाद झाली म्हणून लिंक बाद होत नाही. चौकट उघडायची सोय गेली, लिंक मात्र जिवंत. म्हणजे यान्सेनची नोंद काढताना सिस्टिम अदबीनं विचारायची आणि ’त हार्टची नोंद न विचारता उडवायची. कित्येक महिने हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ’त हार्टच्या नोंदी काढायची वेळ रोज येत नाही. एका कॉर्पोरेशनच्या मदतकक्षातल्या बाईंनी फोन करून सांगितलं, ‘तुमचा प्रोग्रॅम काही लोकांना विचारतो आणि काहींना विचारत नाही.’ आम्ही आधी हसलो. मग यादी मागवली. यादीतलं प्रत्येक नाव अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं होतं.

दुरुस्ती एका मेथडची होती, अवतरणचिन्हं निष्प्रभ करणारी सोय विकेटमध्ये तयारच असते. पण त्या दिवशी आमचा ज्येष्ठ डच सहकारी फळ्यापाशी जाऊन एवढंच म्हणाला की बिघाड झाला तर दार बंद राहायला हवं, उघडं नको. ब्राउझरमधली चौकट ही दारावरची पाटी आहे, कुलूप नाही. कुलूप सर्व्हरवरच लागतं. २००५मध्ये गूगलनं वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं, पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवून वेग वाढवणारं. ते ‘डिलीट’च्या लिंकाही उघडायचं. चौकटबिकट त्याच्या गावीही नव्हती, ते सरळ पत्त्यावर जायचं, आणि बेसकॅम्प ही वेबसेवा वापरणाऱ्यांची पानं गायब व्हायला लागली. काहीही नष्ट करणारं काम साध्या लिंकवर ठेवू नये हे पुस्तकात आधीपासून होतं, लोकांनी गंभीरपणे घेतलं ते त्यानंतर.

मग विकेटची सहावी आवृत्ती आली, २०१२मध्ये. तिनं आतली जावास्क्रिप्ट जेक्वेरी या लायब्ररीवर नेली. ऐकायला अंतर्गत बाब, पण क्लिक पकडण्याची पद्धतच त्यामुळे बदलली. पूर्वी अजॅक्सची, म्हणजे पान न बदलता सर्व्हरला जाणारी, हाक लिंकच्याच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, चौकटीच्या ओळीमागे उभी असायची. चौकटीनं ‘नाही’ म्हटलं की मागची ओळ चालतच नसे. नव्या पद्धतीत हाक वेगळीकडे नोंदवली जाते आणि जुन्या ओळीच्या ‘नाही’ची तिला फिकीर नसते. चाचणीच्या सर्व्हरवर आमच्या टेस्टरनं चौकटीत ‘नको’ म्हटलं आणि नोंद गेली. तिनं पुन्हा करून बघितलं, पुन्हा गेली. नव्या आवृत्तीत यासाठी वेगळी जागा आहे, क्लिक निघण्याआधी तपासायची अट तिथे द्यायची असते. शेकडो ओळी शोधून तिथे हलवाव्या लागल्या. त्या निमित्तानं प्रत्येक चौकट वाचावी लागली, आणि खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

कारण त्या वाचवत नव्हत्या. सगळीकडे तेच ‘वेट यू हेट झेकर?’, म्हणजे ‘तुमची खात्री आहे ना?’ कशाची खात्री, ते नाही. किती, कोणाचं, केव्हापासून, परत आणता येईल का, काही नाही. ज्या प्रोग्रॅमरनं लिहिलं त्याला हे सगळं ठाऊक होतं, त्याच्या मेथडमध्ये सगळी माहिती होती. ती सांगायची सोडून त्यानं उलट प्रश्न टाकला होता. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे की अशा चौकटी वापरणाऱ्यासाठी नसतात, आमच्यासाठी असतात. उद्या काही बिनसलं तर ‘आम्ही विचारलं होतं, तुम्ही ओके म्हणालात’ असं म्हणता यावं म्हणून ती सही घेतलेली असते.

अ‍ॅमर्सफोर्टच्या एका कॉर्पोरेशनमध्ये मी एकदा दिवसभर एका कर्मचारी बाईंच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं. त्यांचा अंगठा माउसवर आणि करंगळी एंटरवर. चौकट उमटायच्या आत एंटर दाबलेलं असायचं. मी विचारलं, ‘काय लिहिलं होतं हो आत्ता?’ त्या म्हणाल्या, ‘नेहमीचंच.’ आपल्याकडे लग्नात भटजी प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ म्हणतात. जांबचे नारायण ठोसर, पुढचे समर्थ रामदास, ते ऐकून बोहल्यावरून पळाले अशी आख्यायिका आहे. बाकी सगळे शतकानुशतकं ते ऐकून अक्षता टाकत आले. दर वेळी, सगळ्यांना, त्याच सुरात दिलेला इशारा हा विधीचा भाग होऊन जातो. जेफ रास्किन यांनी २०००मध्ये ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात नेमकं हेच मांडलं होतं: पुष्टी देणं ही क्रियाच सवयीत मिसळून जाते. त्यांचे चिरंजीव एझा रास्किन यांनी २००७मध्ये पुढचं पाऊल टाकून लिहिलं की इशारा देण्यापेक्षा मागे फिरायची सोय द्या.

ब्राउझरच्या चौकटीची बटणंही आपल्या हातात नसतात. एक बटण ‘ओके’, दुसरं डच ब्राउझरमध्ये ‘अन्युलेरन’, म्हणजे रद्द. आमच्या पोर्टलवर दुरुस्तीसाठी येणाऱ्या कारागिराची वेळ रद्द करायची सोय होती. भाडेकरू लिंक दाबणार, चौकट विचारणार ‘वेळ रद्द करायची आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ओके आणि रद्द. ज्याला वेळ रद्द करायची त्यानं काय दाबावं? अनेकांनी इमानेइतबारे ‘रद्द’ दाबलं. रद्द करणं रद्द झालं. ठरल्या सकाळी प्लंबर दारात उभा, घरात कोणी नाही, आणि वर वाया गेलेल्या फेरीचं बिल. काहींचा ब्राउझर पोलिश किंवा तुर्की होता, त्यांना प्रश्न डचमध्ये आणि बटणं त्यांच्या भाषेत. उलट कधी फोन यायचा की बटण मेलंय, दाबलं तरी काही होत नाही. खोदून विचारलं की कळायचं, त्या माणसानं कंटाळून ‘या पानाच्या चौकटी यापुढे दाखवू नका’ अशी ब्राउझरची खूण केलेली असायची. मग ब्राउझर चौकट न दाखवताच ‘नाही’ असं उत्तर देऊन टाकतो.

ती चौकट आम्ही काढली. आता आमची स्वतःची असते, आणि तिच्यात ‘वेळ रद्द करा’ आणि ‘वेळ राहू द्या’ अशी बटणं. इतकी साधी गोष्ट. पण स्वतःची चौकट बनवली तेव्हा एका अंध भाडेकरूनं चाचणीत आमचं नाक कापलं. चौकट पडद्यावर दिसत होती, त्यांच्या स्क्रीन रीडरला तिचा पत्ताच नव्हता. तो मागचं पान वाचत बसला. ब्राउझरच्या जुन्या कुरूप चौकटीत ही अडचण कधीच नव्हती. पुढे २०२२मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत डायलॉगचा टॅग आला आणि बरंच सुसह्य झालं.

माझ्या कामाला सगळ्यात मोठं वळण मिळालं ते आमच्या कोडमुळे नव्हे. डिसेंबर २०१३मध्ये अ‍ॅमस्टरडॅम महापालिकेनं कमी उत्पन्नाच्या सुमारे दहा हजार रहिवाशांना घरखर्चाचं वार्षिक साहाय्य पाठवलं. पाठवायचे होते १८ लाख ८० हजार युरो, गेले १८ कोटी ८० लाख. रकमा युरोऐवजी सेंटमध्ये धरल्या गेल्या आणि प्रत्येकाच्या खात्यात शंभरपट पैसे जमा झाले. दीडशे युरोंची अपेक्षा असलेल्याला पंधरा हजार. बहुतेक पैसे परत आले, पण काही लोकांनी तोवर जुनी कर्जं फेडून टाकली होती. सोमवारी आमच्या कार्यालयात कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषय नव्हता. टिंगल झाली, मग एकदम सगळे गप्प झाले, कारण आमचा एप्रिल जवळ येत होता.

आमचा एप्रिल म्हणजे भाडेवाढ. इथे घरभाडं बहुधा १ जुलैला वाढतं आणि वाढीचं पत्र भाडेकरूला दोन महिने आधी पोचावं लागतं. म्हणून एप्रिलमध्ये प्रत्येक कॉर्पोरेशनचा कोणीतरी कर्मचारी आमच्या पडद्यावर एक बटण दाबतो आणि हजारो पत्रं एकदम निघतात. त्या बटणावर आमची चौकट काय म्हणत होती? ‘वेट यू हेट झेकर?’

अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्यानं कोणी शेवटचा हुकूम दिला असेल त्याला तुमची खात्री आहे का असं विचारलं असतं तर त्यानं ‘हो’च म्हटलं असतं, त्याची खात्री होतीच. त्याला विचारायचं नव्हतं, दाखवायचं होतं: एकूण रक्कम इतकी, गेल्या वर्षी इतकी होती. त्या हिवाळ्यात आम्ही एप्रिलचा पडदा नव्यानं लिहिला. आता पहिल्या क्लिकवर काहीच निघत नाही. सर्व्हर सगळी पत्रं तयार करतो, पाठवत नाही. मग दाखवतो: किती पत्रं, सरासरी वाढ किती, सर्वांत मोठी वाढ कोणाची आणि तिचं पत्र उघडून वाचायला, मागच्या वर्षीचे तेच आकडे शेजारी. सर्वांत मोठ्या वाढीवर बोट ठेवलं की बहुतेक गफलती तिथेच सापडतात. दुसरा क्लिक दुसऱ्या कर्मचाऱ्यानं करायचा, त्याच्या स्वतःच्या लॉगिननं, आणि पत्रं रात्रीपर्यंत रांगेत थांबतात, तोवर मागे घेता येतात.

दुसरा माणूस हा रामबाण नाही, हे पुढे सिटीबँकेनं दाखवून दिलं. ऑगस्ट २०२०मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचा व्याजाचा हप्ता पाठवताना बँकेनं चुकून सुमारे ९० कोटी डॉलर सावकारांना पाठवले. सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब, आपल्या मुंबईच्या आय-फ्लेक्सनं घडवलेलं, पुढे ओरॅकलकडे गेलेलं. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून तीन खुणा करायला हव्या होत्या, केली एकच. तीन माणसांनी ते पाहून मंजूर केलं. चौकटसुद्धा आली: पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं? व्याजाचा हप्ता बाहेर जायचाच होता, म्हणून ‘हो’. किती पैसे जातील ते चौकटीत नव्हतं. खटला झाला, पहिल्या कोर्टात बँक हरली, २०२२मध्ये वरच्या कोर्टात जिंकली. मी तो निकाल कायद्यासाठी नव्हे, त्या चौकटीसाठी वाचला.

आणि कायदा तरी बटणाबद्दल काय म्हणतो? ग्राहकहक्कांच्या युरोपीय नियमांनुसार १३ जून २०१४पासून इथल्या ऑनलाइन दुकानांना ऑर्डरच्या बटणावरच लिहावं लागतं की हे दाबलं की पैसे द्यावे लागतील. एका जर्मन हॉटेलाच्या खटल्यात, बुकिंग डॉट कॉमवरून झालेल्या आरक्षणावरून, युरोपीय न्यायालयानं ७ एप्रिल २०२२ला सांगितलं की बघायचं ते बटणावरच्या शब्दांकडेच. आजूबाजूच्या पानावर काय लिहिलंय ते जमेस धरायचं नाही. हे वाचून मला विलक्षण बरं वाटलं. इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की दाबणाऱ्यानं वाचायला हवं होतं. इथे न्यायाधीश विचारत होते की लिहिणाऱ्यानं काय लिहिलं होतं.

‘भाडेकरार संपवा’ या बटणाला तो नियम लागू नाही. तरी आमच्या प्रॉडक्ट ओनरनं आग्रह धरला की तिथेही तोच न्याय लावायचा. आता ते बटण दाबल्यावर चौकट येत नाही, एक आख्खं पान येतं. पत्ता, करार संपण्याची तारीख, तपासणीसाठी माणूस कधी येईल, आणि स्वच्छ शब्दांत एक ओळ की हे घर दुसऱ्याला दिलं जाईल. खाली बटण: ‘या घराचा भाडेकरार संपवा’. मग मेल जातो, त्यात ‘हे मी केलेलं नाही’ अशी लिंक, आणि ठरावीक दिवस सगळं मागे फिरवता येतं. घटस्फोटाच्या भांडणात रागानं दाबलेलं बटण दुसऱ्या दिवशी मागे घेतलं गेल्याची उदाहरणं आहेत, तपशील आमच्यापर्यंत येत नाहीत आणि यायलाही नकोत.

मागे फिरवायचं तर जुनी माहिती ठेवावी लागते, आणि मे २०१८पासूनचा युरोपीय गोपनीयता कायदा म्हणतो की लागत नसलेली माहिती ठेवू नका. या दोहोंची ओढाताण आमच्या दर बैठकीत होते. किती दिवस ठेवायचं याचं उत्तर कायदेतज्ज्ञ वेगळं देतो, मदतकक्ष वेगळं. आम्ही मुदत ठरवतो, रात्री चालणारं एक जावाचं काम मुदत संपलेल्या नोंदी खरोखर पुसतं. ते कोणालाही काही विचारत नाही.

‘वेट यू हेट झेकर?’ आता जवळजवळ सगळीकडून गेलं आहे. एप्रिलच्या पडद्यावर मात्र एक अजून आहे, सगळे आकडे दाखवून झाल्यावर. एका कॉर्पोरेशनच्या ऑडिटरच्या यादीत ‘पुष्टी घेतली जाते का?’ असा रकाना आहे आणि आकड्यांचं पान म्हणजे पुष्टी नव्हे असं त्याचं म्हणणं. दोन बैठका वाद घातला, त्यानं ऐकलं नाही. शेवटी ठेवली चौकट. पण एंटर दाबलं तर ती ‘परत जा’ असंच समजते. त्या करंगळीचा अनुभव ऑडिटरला नव्हता, त्यानं ते तपासलं नाही.